स्वतंत्र संगीत ऐकवतं, मग स्वप्रकाशित पुस्तकं वाचवत का नाहीत?

तुम्हाला जाणवलेला फरक खरा आहे, पण तुलनेतच एक गफलत आहे. ज्या 'इंडी', म्हणजे स्वतंत्र, संगीताचं आपण कौतुक करतो, ते सहसा एकट्याचं नसतं. इयन मकाय आणि जेफ नेल्सन या अमेरिकन पंक संगीतकारांनी 1980 साली आपल्याच बँडची रेकॉर्ड काढायला डिस्कॉर्ड हे लेबल, म्हणजे छोटी रेकॉर्ड कंपनी, सुरू केलं आणि पुढे त्यावर मित्रांचे बँडही आले. पुस्तकांच्या जगात याची बरोबरी छोट्या प्रकाशनाशी होते. स्वप्रकाशित पुस्तकाचं खरं भावंड म्हणजे खोलीत रेकॉर्ड करून रात्रीच अपलोड केलेलं गाणं. अशी गाणीही ढिगाने वाईट असतात. वीस सेकंदांत आपण पुढे जातो, म्हणून लक्षात राहत नाहीत. फसलेली कादंबरी मात्र दोन संध्याकाळी खाऊन जाते.

मी हस्तलिखितांचं संपादन करते. गाणं तयार होताना तालमीत ड्रमर कपाळाला आठ्या घालतो, कार्यक्रमात लोक चुळबुळ करतात आणि ते कडवं गळतं. कादंबरीकार तीन वर्षं एकटा बसतो, आणि मित्र चाळीस पानं वाचून 'छान' म्हणतात. एका हस्तलिखितात गोष्ट पाचव्या प्रकरणात सुरू होत होती. आधीची चार लेखिकेला स्वतःला हवी होती, पात्रं समजून घ्यायला, वाचकाला नव्हे. ती माझ्यावर रागावली. महिन्याभराने पाचव्यापासून सुरू होणारा खर्डा आला, आणि काय सुंदर होता तो!

हे सांगणारं कुणी नसताना प्रकाशनाचं बटण मात्र हाताशी असतं. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या सेवेवर 2007 पासून लेखकांना प्रकाशकाशिवाय स्वतःचं पुस्तक काढता येऊ लागलं. 2023 मध्ये ॲमेझॉनला एका लेखकाला दिवसाला तीनच नवी पुस्तकं अशी मर्यादा घालावी लागली. दिवसाला तीन!

पण एकट्याने छापलं म्हणजे कच्चंच, असं अजिबात नाही. अँडी वीअर या अमेरिकन लेखकाने 'द मार्शियन' ही विज्ञान कादंबरी आधी प्रकरणाप्रकरणाने स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला दिली. वाचक त्यातल्या विज्ञानाच्या चुका कळवत गेले, तो दुरुस्त करत गेला. किंडलवर ती 2011 मध्ये आली, मोठ्या प्रकाशकाकडून 2014 मध्ये. म्हणजे तालीम झाली होती, तीही श्रोत्यांसमोर.

म्हणून असं पुस्तक घेण्याआधी मी श्रेयाचं पान उघडते. संपादकाचं, मुद्रितशोधकाचं नाव दिसलं तर मोफत मिळणारी पानं वाचते. नाव नसेल तरी वाचते, फक्त जास्त सावधपणे.