मंदीत प्लॉट स्वस्तात मिळतोय, वकिलाची फी वाचवावी का?

वाचवू नका. तुम्ही लिहिलंय की लातूरच्या बाहेर एक गरजू माणूस चालू भावाच्या बराच खाली प्लॉट द्यायला तयार आहे, बाजार थंड आहे, आणि रजिस्ट्री ऑफिससमोरचा दस्त लिहून देणारा बाँड रायटर ‘सगळं करून देतो’ म्हणतोय, मग वकील कशाला? हेच वाक्य आमच्या दाजींचं. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

2016 साल. उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पुढं पाऊस चांगला झाला, माणसं सावरायला लागली, तोवर नोव्हेंबरात नोटबंदी. आमच्याकडं प्लॉटचा बाजार निम्मा रोखीवर चालायचा, तो बसलाच. त्या थंडीत दाजींनी एक एनए (बिनशेती) प्लॉट हेरला. विकणाऱ्याच्या अंगावर मुलीचं लग्न आलेलं, त्यामुळं भाव पडेल तो. दाजी म्हणाले, आठ दिवसांत इसार दे, नाहीतर दुसरा कुणी उचलेल. मी म्हटलं, आधी कागद वकिलाला दाखवू. तिथून वाजलं.

वकीलसाहेबांनी सातबारा बाजूला सारला आणि जुने फेरफार, म्हणजे नावं बदलल्याच्या महसुली नोंदी, मागवले. विकणाऱ्याचे वडील वारल्यानंतरच्या वारसाच्या फेराला फक्त दोन भावांची नावं. त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढून त्यांनी विचारलं, ‘ह्यांची आई कधी वारली?’ मी दाजींकडं बघितलं. आदल्या रविवारी विकणाऱ्याच्या घरी बाजेवर बसून शेंगा फोडणाऱ्या म्हातारीनंच तर आम्हाला चहा पाजला होता! चौकशी केली तर दोन बहिणीही निघाल्या, एक निलंग्याला, एक उदगीरला.

वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर आई आणि मुली मुलांच्या बरोबरीनं पहिल्या वर्गाच्या वारस. फेराला नाव लागलं नाही म्हणून हिस्सा जात नाही. फेर हा महसुलाचा कागद. रजिस्ट्री ऑफिसात दस्त नोंदवला जातो, विकणारा खरा मालक आहे का हे तिथं कुणी ठरवत नाही. एनए झालं म्हणजे टायटल क्लिअर, हा दाजींचा दुसरा लाडका सिद्धांत, तोही फोल.

वकिलांचं म्हणणं साधं होतं: तिघींच्या खरेदीखतावर संमती देणार म्हणून सह्या घ्या, नाहीतर आधी त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून आणा. विकणारा म्हणाला, बहिणींचं नि माझं बोलणं नाही, पण त्या कोर्टात जाणाऱ्यातल्या नाहीत. दाजींनी मान डोलावली. ‘बहिणी कुठं भावावर दावा करतात का? माहेर तुटतं.’ घरी जेवताना त्यांनी हे परत ऐकवलं तेव्हा माझी ताई, म्हणजे त्यांचीच बायको, वाढत होती. मी सौदा सोडला.

आजही कुठल्याही लग्नात भेटले की दाजी त्या प्लॉटचा आजचा भाव सांगतात. मी काय सांगतो ते पण ऐका. 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की वडील 2005 च्या कायदादुरुस्तीच्या आधी वारले असले तरी वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मानंच हक्क. तो पेपर घडी घालून खिशात घेऊन आमच्या दारात कोण आलं असेल? ताईचा हिस्सा आम्ही दिला, द्यायलाच हवा होता. पण ‘बहिणी दावा करत नाहीत’ हे त्यांच्या तोंडून परत ऐकायची माझी तयारी नाही.

आता तुमचं. मंदीत विकणारा अडलेला असतो, आणि अडलेला माणूस काय काय सांगत नाही हे बघायलाच वकील लागतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कातला सोसायटीच्या कर्जाचा बोजा, आधीच कुणाला दिलेली इसारपावती, सावकारानं कर्जापोटी लिहून घेतलेलं खरेदीखत. अवैध सावकारीत गेलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याची तरतूद 2014 च्या सावकारी कायद्यात आहे, आणि तुम्ही मध्येच अडकाल. 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, आणि लोकल पेपरला जाहीर प्रगटन, ह्यात कंजुषी नको. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनाम जमिनीही आहेत, मदतमाश, खिदमतमाश. तिथं तर वकिलाशिवाय इसारसुद्धा नको.

आणि स्वस्ताईचा हिशोब नीट करा. बाजार पडला म्हणून रेडी रेकनर, म्हणजे सरकारी भाव, पडत नाही. मुद्रांक शुल्क सरकारी भाव आणि तुमचा भाव ह्यातल्या जास्तीच्यावर. दोन्हीतला फरक 50,000 रुपये आणि तुमच्या किमतीचे 10 टक्के ह्या दोन्हींपेक्षा जास्त झाला, तर तो फरक आयकरात तुमचंच उत्पन्न धरतात. कोरोनात सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी उतरवलं होतं, नंतर मार्चपर्यंत 2 टक्क्यांनी. तशी सवलत दर मंदीत येईल असं धरून चालू नका.

खरं सांगायचं तर तो प्लॉट ज्यानं घेतला त्याचं घर उभं आहे आणि दावा अजून कुणी केलेला नाही. दाजी हेच पुढं करतात. फक्त बांधकामाला बँकेनं कर्ज दिलं नाही, पॅनलवरच्या वकिलानं त्याच फेरावर बोट ठेवलं. शेवटी पतसंस्थेकडून जास्त व्याजानं काढलं.

सगळे बाँड रायटर वाईट नसतात. दस्त ते वकिलापेक्षा सुबक लिहितात, सर्च त्यांचं काम नाही एवढंच. फ्लॅट घेत असाल तर ह्यातलं अर्धं लागू नाही, तिथं आधी महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी बघा. घ्यावा की थांबावा, हे तुमचं कर्ज किती आणि पगार किती टिकाऊ ह्यावर आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही.