पात्र कोण आणि अनुज्ञेय काय?

गडहिंग्लजहून एका वाचकांनी विचारलं आहे: "धाकट्या बहिणीला कोल्हापुरात इंजिनिअरिंगला कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश मिळाला. ती शिष्यवृत्तीला पात्र आहे म्हणतात, पण कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं की विकास शुल्क अनुज्ञेय नाही. मग ती पात्र आहे की नाही? शिवाय उत्पन्नाचा दाखला एक आणि नॉन-क्रीमी लेयरचा वेगळा, दोन्हीकडे मर्यादा ८ लाखांचीच. हे एकच उत्पन्न का?"

बहीण पात्रच आहे, आणि ऑफिसात सांगितलं तेही बरोबर आहे. पात्र हा शब्द माणसाला लागतो, अनुज्ञेय रकमेला. शासन निर्णयातली वाक्यं शेजारी ठेवून बघा: "विद्यार्थिनी शिष्यवृत्तीस पात्र राहील" आणि "विद्यार्थिनीस शिक्षण शुल्क अनुज्ञेय राहील". पहिल्या वाक्याचा कर्ता विद्यार्थिनी आहे, दुसऱ्याचा शुल्क. म्हणून माणूस एकदा पात्र ठरला तरी प्रत्येक रकमेचं वेगळं विचारावं लागतं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क येतं, विकास शुल्क येत नाही. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या, प्रवर्ग आणि उत्पन्नाच्या अटींत बसणाऱ्या मुलींना १०० टक्के सवलत मिळते, ती याच दोन शुल्कांची. 'मुलींना शिक्षण मोफत' एवढंच ऐकून घरातून निघालेल्या माणसाला फीच्या पावतीवरचा उरलेला आकडा बघून धक्का बसतो. हा सगळा घोळ या दोन शब्दांमधल्या फरकाचा आहे.

अनुज्ञेय उच्चारायला जड आहे, पण त्याची घडण ओळखीची आहे. प्यायचं ते पेय, द्यायचं ते देय, तसं अनुज्ञा, म्हणजे परवानगी, देता येईल ते अनुज्ञेय. मात्र 'देता येईल' म्हणजे 'दिलं' नव्हे. आधी रक्कम अनुज्ञेय असते, मग मंजूर होते, आणि शेवटी खात्यावर जमा होते. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर 'मंजूर' दिसलं की पैसे आले असं समजून हप्त्याचे वायदे करू नका.

पात्रबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. आपल्या बोलण्यात पात्रतेला गुणाचा वास आहे. दान सत्पात्री असावं म्हणतो, कौतुकास पात्र म्हणतो. त्यामुळे 'अपात्र' असा शेरा आला की घरात पोरीच्या हुशारीवरच बोट ठेवल्यासारखं होतं. कचेरीतल्या अपात्रचा अर्थ तेवढा नाही. एखादी अट बसली नाही, इतकंच तो सांगतो. उदाहरणार्थ, एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ, ही अट. तिसऱ्या मुलीला नव्वद टक्के असले तरी ती त्या योजनेत अपात्र. हा शब्द तिच्याबद्दल काहीच बोलत नाही, हे तिला मोठ्यांनी समजावून सांगावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता उत्पन्न. आपल्याकडे उसाच्या फडात उभं राहून "एकरी किती उत्पन्न निघालं?" असं विचारलं की उत्तर टनात येतं. ते खरं तर उत्पादन, पण बोलण्यात उत्पन्नच. दाखल्यावरचं उत्पन्न रुपयांचं, एका आर्थिक वर्षाचं आणि कुटुंबाचं मिळून असतं. शेती, नोकरी, दुकान सगळं त्यात धरायचं. तहसीलदारांच्या दाखल्यावर ते कोणत्या वर्षाचं आणि दाखला कधीपर्यंत चालणार, हेही लिहिलेलं असतं. बहुतेक दाखले ३१ मार्चपर्यंतचे असतात.

नॉन-क्रीमी लेयरचं, म्हणजे मागास प्रवर्गातलं घर सधन गटात मोडत नाही हे सांगणाऱ्या दाखल्याचं, उत्पन्न मात्र दुसरं. आकडा तोच ८ लाख, पण मोजण्याची रीत निराळी. तिथे लागोपाठ तीन वर्षांचं उत्पन्न पाहतात, आणि आईवडिलांचा पगार व शेतीचं उत्पन्न त्या बेरजेत धरत नाहीत. (नोकरीतल्या पदाचा विचार वेगळा होतो.) म्हणून वडील शिक्षक, घरची शेती आणि एकूण ११ लाख उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलीला नॉन-क्रीमी लेयरचा दाखला मिळू शकतो, आणि तरीही ८ लाखांची अट असलेल्या शुल्क योजनेत ती बसत नाही. दोन्ही दाखले खरे असतात. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

जाता जाता दोन शब्द. माफी आणि प्रतिपूर्ती एक नव्हेत. माफीत फी लागतच नाही. प्रतिपूर्तीत फी लागते, ती तुमच्याऐवजी सरकार भरून देतं, म्हणून सरकारकडून पैसे येईपर्यंत कॉलेजच्या खात्यात ती येणे बाकी दिसते. आणि शुल्क म्हणजे फक्त फी. राहण्याजेवणाचा खर्च त्यात नाही. त्याला निर्वाहभत्ता म्हणतात आणि त्याची पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना वेगळी आहे. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग, म्हणजे वसतिगृह, काढलं, जिथे दसरा चौकात आजही बोर्डिंग हा शब्द रोजच्या वापरात आहे, तिथे हे दोन खर्च निरनिराळे, हे वेगळं सांगायला नको.

कॉलेजला अर्ज देताना "माझी बहीण पात्र आहे का?" असं विचारू नका. असं लिहा: "सदर विद्यार्थिनीस कोणत्या योजनेखाली, कोणते शुल्क, किती टक्के अनुज्ञेय आहे व उर्वरित देय रक्कम किती, हे कृपया लेखी कळवावे." अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या.