मुलीला फॉरेस्टमध्ये जायचंय

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. जंगल आणि वन्यप्राणी, याच क्षेत्रात जायचं म्हणते. तिने इंजिनिअर व्हावं अशी माझी इच्छा आहे. शिवाय मुलीला हे काम झेपेल का? – एक पालक

उत्तर : नमस्कार. आधी तुमचा वाद मिटवू या. यूपीएससीच्या भारतीय वन सेवा परीक्षेला इंजिनिअरिंगची पदवीही चालते. वनशास्त्र आणि कृषी चालतंच. नाहीतर पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा ठरलेल्या विषयांपैकी एक तरी लागतो. तरी मन नसताना तिला चार वर्षं इंजिनिअरिंगला अडकवू नका. दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत बीएस्सी वनशास्त्र आहे, तेही चार वर्षांचंच. सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही पदं एमपीएससीतून भरतात. संशोधनाची ओढ असेल तर पदवीनंतर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे.

झेपण्याचं म्हणाल, तर वन सेवेच्या चाचणीत मुलींना चार तासांत १४ किलोमीटर चालावं लागतं. सराव असेल तर जमतं. आपल्याकडे कितीतरी मुली वनरक्षक म्हणून एकेक बीट, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा तुकडा, सांभाळताहेत.

मला काळजी वेगळीच वाटते. या मुलांच्या डोळ्यांसमोर वाघ असतो आणि नोकरीत समोर येतात माणसं. उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत-पाचोळा काढलेले पट्टे) काढून घ्यायच्या, पाणवठे भरलेले ठेवायचे, अतिक्रमण हटवताना शिव्या खायच्या. बिबट्याने रात्री शेळी मारली की सकाळी त्या घरी जाऊन पंचनामा करायचा. हा कागद फार मोलाचा आहे. तो रखडला की भरपाई रखडते, आणि चिडलेला माणूस मेलेल्या जनावरावर विष टाकतो. मग बिबट्याबरोबर गिधाडंही मरतात. जंगलावर जगणाऱ्या लोकांना त्यावर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ साली आला, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे साऱ्या गावाचे मिळून जंगलावरचे हक्क, मिळाले. म्हणजे आता ग्रामसभेत बसून गावकऱ्यांचं नीट ऐकून घेणं, हाही वन अधिकाऱ्याच्या कामाचाच भाग. हे तिला आवडेल का, ते आधी पाहा.

प्रवेशाआधी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, परवानगी घ्या आणि वनरक्षकाबरोबर तिला एक-दोन दिवस बीटवर फिरू द्या. जमलं तर तुम्हीही बरोबर जा. तुमच्या बऱ्याच शंका तिथेच फिटतील.