बर्गा कुठे अडतो, ते आधी पाहा

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा मिळाला. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पावसाळा सरल्यावर खाचांत एकावर एक रचून पाणी अडवायच्या आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढून ठेवायच्या फळ्या) काढून टाकायचे आणि प्रत्येक गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेत, सेन्सर व मोटरवर चालणारा दरवाजा बसवायचा, ही कल्पना तू मन लावून मांडली आहेस. रेखाटन स्वच्छ आहे, आकडेमोड बरोबर आहे. माझी हरकत पहिल्याच पानावरच्या एका वाक्याला आहे. 'बर्गे घालण्या-काढण्यात मजूर व वेळ फार लागतो.' त्रास खरा आहे, पण तू तिथेच थांबलीस आणि थेट उत्तराला लागलीस.

ऑक्टोबरात, बर्गे घातल्यावर, परतीचा पाऊस जोरात आला तर काय होतं ते बघ. नदी रातोरात चढते. बर्गा साधारण 2 मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच, म्हणजे एक चौरस मीटर. 3 मीटर पाण्याखालच्या बर्ग्यावर सुमारे 3 टन दाब येतो. खाचेतलं घर्षण त्याच्या एक तृतीयांश धरलं, तरी तो वर ओढायला टनभर जोर हवा, आणि बर्ग्याचं स्वतःचं वजन वेगळंच. माणसं कितीही असोत, तो हलत नाही. मग पाणी कडेची माती कापतं, आणि बंधारा जागेवर उभा असताना नदी त्याला वळसा घालून निघून जाते. म्हणजे तुझा प्रश्न असा लिहायला हवा: पाण्याचा दाब असताना उघडता येईल असं या बंधाऱ्यात काय आहे? मजुरांची संख्या त्यात कुठेच येत नाही.

स्वयंचलित दरवाज्यांचा मोह मला समजतो. पुण्यातच शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला असे दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीला आलं की ते आपोआप उघडत, उतरलं की मिटत. भिंत न वाढवता साठा वाढला. तुझ्या घराच्या वरच्या अंगाला राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आजही पाण्याच्याच जोरावर उघडतात. ही कामं मला मनापासून थोर वाटतात. पण ती धरणाच्या माथ्यावरची आहेत. तिथे दरवाज्यातून वरवरचं पाणी जातं, आणि पूर आला तरी यंत्रणा पाण्याबाहेर राहते. तुझा बंधारा जुलैत स्वतःच बुडतो. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. त्याच्या कितीतरी आधी गावोगावचे बंधारे पाण्याखाली गेलेले असतात. तुझी मोटर, वायरिंग आणि सेन्सर तेव्हा कुठे असतील? शिवाय गाळ आणि वाहून आलेली झाडं जायला गाळा पार तळापर्यंत मोकळा लागतो. पावसाळ्यात नदीला अडवायचं नाही, हीच या बंधाऱ्यातली खरी बुद्धी. ज्यांनी तो रचला त्यांना नदी ओळखीची होती. ही बुद्धी घालवणारी सुधारणा मला मान्य नाही.

आता बर्ग्याकडेच बघ, कारण सुधारणा कशी चालते ते त्याच्याइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं. आधी लाकडी फळ्या होत्या, दोन खाचांत दोन रांगा, आणि मधे माती. लाकूड भिजून फुगतं, त्यामुळे फटी आपोआप बुजत. पण लाकूड कुजतं. म्हणून लोखंड आलं. लोखंड फुगत नाही, तेव्हा गळती वाढली आणि रबरी पट्टी लावावी लागली. पट्टी फाटली की शेतकरी प्लास्टिकचा कागद आणि पोती कोंबतो. त्यात लोखंडाला भंगाराचा भाव, म्हणून काठावर रचून ठेवलेले बर्गे चोरीला जाऊ लागले! लाकूड फटही बुजवत होतं, हे काम कुठल्याच कागदावर नव्हतं. ते गेल्यावरच कळलं. तू काही बदलशील तेव्हा जुनी वस्तू न सांगता कोणकोणती कामं करत होती, त्याची यादी आधी कर. अशी यादी ऑफिसात बसून होत नाही. बर्गे घालणाऱ्या माणसांबरोबर एक दिवस उभी राहा. सगळ्यात खालचा बर्गा नीट का बसत नाही, खाचेत कुठल्या बाजूला खडा अडकतो, हे ते हात लावून दाखवतील.

माझं मत विचारशील तर सगळे गाळे बदलू नकोस. मधल्या एक-दोन गाळ्यांत दाबाखाली उचलता येणारा, हाताने फिरवायच्या स्क्रूचा दरवाजा बसव. पावसाळ्याआधी तोही काढून ठेवता यावा. बाकीच्या गाळ्यांत बर्गेच राहू देत. परतीच्या पावसात हे एक-दोन गाळे किती पाणी सोडतील आणि ते पुरेल का, हा हिशेब तू करायचा आहेस. तो नाही जमला तर माझी सूचना खोडून टाक, संकोच करू नकोस.

रबरी पट्टीचा नवा नमुना तू सुचवला आहेस तो चांगला आहे. फक्त तो एकाच गाळ्यात लाव आणि शेजारचा गाळा जुन्याच पट्टीवर ठेव. नदी तीच, पाणी तेवढंच, हंगाम तोच. दोन्ही गाळ्यांखाली पोती लावून पाणी वेगवेगळ्या व्ही-नॉचवरून (प्रवाह मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवरून) घे आणि गळती मोज. दरवाजा आणि पट्टी एकाच गाळ्यात एकदम बदललीस, तर गळती कमी झाली तरी कशामुळे ते सांगता येणार नाही. आणि एका हंगामावर थांबू नकोस. पट्टी ऊन खाते, उंदीर कुरतडतात, पुढच्या ऑक्टोबरात तीच पट्टी पुन्हा मोज.

पुढच्या पत्रात खाचांची मापं पाठव, प्रवाहाच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या रांगेची वेगवेगळी, आणि तळाशी झीज किती आहे तेही. जुन्या बंधाऱ्यांत प्रत्येक गाळ्याचं माप थोडं वेगळं निघतं, तेव्हा एकावरून सगळ्यांचं धरू नकोस.

तुझा,
काका