रिस्पेरिडोन, निर्विकार चेहरा आणि केसपेपरवरचा ‘रिपीट’

तुम्ही लिहिलंय की सासूबाई गेल्या त्या दिवशी सगळं घर रडत होतं आणि तुमचे मिस्टर कोपऱ्यात बसून चहा कधी होणार विचारत होते. नातेवाईक म्हणतात, गोळ्यांनी ह्याच्या भावना मारल्या. आता तुमच्या मनात त्यांची स्किझोफ्रेनियावरची गोळी, रिस्पेरिडोन, बंद करायचं आहे. आमच्या घरी हे असंच्या असं झालेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, स्किझोफ्रेनियाच्या शुभार्थीची (म्हणजे रुग्णाची) बायको आणि शुभंकर (म्हणजे काळजी घेणारी) आहे. डोसचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

गोळी परस्पर बंद करू नका. २०१२ साली लॅन्सेटमध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. औषध चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला, औषध काढून नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा. मला हे आकडे पाठ आहेत, कारण प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी ‘आता पुरे झाल्या गोळ्या’ म्हणतंच.

भावना दाखवणं आणि दुसऱ्याची भावना ओळखणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नातेवाईक त्यांची खिचडी करतात. वाईट म्हणजे कधीकधी दवाखानाही करतो.

ओळखण्यातली अडचण बहुतेक आजारातूनच येते. पहिली गोळी घेण्याआधीच्या रुग्णांमध्येही ती सापडते. हसरा चेहरा कळतो. भीती, राग, दुःख निसटतं, आणि कुणी नुसतं गप्प बसलं असलं तरी ते रागावलंय असं वाटतं. रिस्पेरिडोनसारख्या अँटिसायकोटिक औषधांनी यात फार सुधारणा होत नाही आणि फार बिघाडही होत नाही. दाखवण्याचं मात्र वेगळं आहे. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन ज्या जागांना चिकटून काम करतं, त्यांतल्या ‘डी-टू’ नावाच्या जागा ही औषधं अडवतात. साधारण ८० टक्क्यांच्या वर जागा अडल्या की पार्किन्सनसारखा ताठरपणा येण्याचा धोका बराच वाढतो: पापण्या कमी लवतात, चालताना हात हलत नाहीत, अक्षर बारीक होतं, लाळ गळते आणि चेहरा मुखवट्यासारखा होतो. आत काही वाटत असलं तरी स्नायू ते बाहेर येऊ देत नाहीत.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं. एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत (नाव घेत नाही) दर वेळी नवा डॉक्टर असायचा आणि केसपेपरवर ‘रिपीट’ लिहून आम्हाला औषधाच्या खिडकीकडे पाठवायचा. मी प्रत्येक खेपेला सांगायची की ह्यांचा चेहरा हलत नाही, उशी लाळेने भिजते. मान वर करून ह्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. एकाने ‘निगेटिव्ह लक्षणं’ (म्हणजे आजारानेच भावना, उत्साह कमी होणं) लिहून डोस वाढवला. चेहरा आणखी थिजला, तर पुढच्याने तोच शेरा उतरवून काढला आणि डोस पुन्हा वाढला. सोबत ताठरपणासाठी पॅसिटेन आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम. औषधाच्या परिणामाला आजार समजून तेच औषध वाढवत गेले! त्या काळात ह्यांची दुकानातली नोकरी गेली. मालकाचं म्हणणं, हा गिऱ्हाइकाकडे रागाने बघतो. नणंदेने बोलणं टाकलं. हे सगळं कोण भरून देणार? अजून राग येतो मला.

पुढे ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी ह्यांचं मनगट आणि कोपर हलवून बघितलं आणि व्हरांड्यातून चालायला लावलं. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. डोस कित्येक महिन्यांत हळूहळू खाली आणला आणि चेहऱ्यावर हळूहळू जान आली. तेव्हा हे एकदा म्हणाले, “मामा गेले तेव्हा मला रडायचं होतं गं, पण चेहरा जागचा हलेना.”

हे फक्त आमच्या घरचं नाही. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन क्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली औषधं न घेणाऱ्या रुग्णांना सिनेमातले प्रसंग दाखवले होते. रुग्णांच्या चेहऱ्यावर इतरांपेक्षा खूप कमी दिसलं, पण काय वाटलं असं विचारल्यावर त्यांनी इतरांइतक्याच भावना सांगितल्या. म्हणजे सपाट चेहरा नुसत्या आजारानेही येतो, आणि तो आला तरी आतलं वाटणं शिल्लक असतं. तुमच्या नणंदांना हे सांगाच.

आता कामाचं. घरात चालतानाचा, बोलतानाचा व्हिडिओ काढा, लग्नातला जुना व्हिडिओ आणि जुन्या-नव्या अक्षराचे कागद सोबत घ्या, आणि विचारा: हा ताठरपणा औषधाचा आहे का, डोस किंवा औषध बदलता येईल का? पॅसिटेन चालू असेल तर ती अजून लागते का, हेही विचारा. त्या गोळीने स्मरणशक्ती मंदावते. ती सरसकट आधीच सुरू करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९०च्या निवेदनातही आहे. पण तीही एकदम तोडू नका. क्लोनाझेपामच्या जातीच्या गोळ्यांनी समोरच्याचा राग आणि भीती ओळखणं आणखी अवघड होऊ शकतं. जुने कागद दवाखाना देत नसेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २५ दाखवा. आपल्या नोंदी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.

तुमच्या जाऊबाईंना एसिटालोप्रामवर ‘काहीच वाटत नाही’, ते प्रकरण निराळं. नैराश्याच्या गोळ्या घेणारे साधारण निम्मे लोक भावना बोथट झाल्याचं सांगतात. उरलेल्या नैराश्यानेही तसं होतं. त्यांनी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावं, दोन्हींची सरमिसळ नको.

डोस उतरल्यावरही माझा राग ह्यांना चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून मी तो शब्दांत सांगते: “मला आत्ता वाईट वाटतंय, शेजारी बसा.” मग बसतात. सुरुवातीला मला हे फार अपमानाचं वाटायचं, बायकोने काय दुःखही जाहीर करायचं? आता नाही वाटत.

आणि अपंगत्वाच्या दाखल्याचं तुम्ही शेवटी विचारलंय. मानसिक आजारासाठी आयडियाज (IDEAS) नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि आकलन, काम असे तिचे चार भाग आहेत, आणि लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे ‘त्रास आहे’ एवढंच म्हणू नका. समोरच्याचा चेहरा न कळल्याने कामावर काय अडलं, सासूबाई गेल्या त्या दिवशी काय झालं, असे प्रसंग तारखेसकट कागदावर लिहून न्या.