वस्ती न हलवता, आहे त्याच जागी स्वयंसेवी संस्था पक्की घरं बांधून देऊ शकते का?

हो, शकते, आणि पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये हे झालेलं आहे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरं सुधारण्याच्या योजनेतून (ही २००५ साली सुरू झाली, आता बंद आहे) 'स्पार्क' ही स्वयंसेवी संस्था, 'महिला मिलन' हे वस्तीतल्या बायकांच्या बचतगटांचं जाळं आणि नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही झोपडपट्टीवासीयांची संघटना यांनी कच्च्या घरांच्या जागीच सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरं बांधली. एका घरासाठी साधारण ३ लाख रुपये धरले होते. त्यातले १० टक्के कुटुंबाचे, बाकी सरकारचे. हे जमण्याचं खरं कारण म्हणजे वस्तीतल्याच बचतगटाच्या बायका. कोणाचं घर कुठे, किती जागेत, कोणाची भिंत कोणाला लागून, हे त्यांना पाठ असतं, म्हणून सर्वेक्षणावर लोकांचा विश्वास बसतो. खऱ्या मापाचं कापडी घर उभारून लोकांना आत फिरवायचं, मग आराखडा ठरवायचा, ही या संघटनांची जुनी पद्धत. कागदावरच्या नकाशापेक्षा ती मला कितीतरी प्रामाणिक वाटते. शेजार, शाळा, धुण्याभांड्याची कामं, काहीच तुटत नाही. लांबच्या इमारतीत गेलं की हेच आधी तुटतं.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा: या योजनेत पैसे फक्त कच्च्या घरांना मिळत होते. मधली पक्की घरं तशीच राहिली, त्यामुळे गल्ल्या फारशा रुंद झाल्या नाहीत. शिवाय बांधकाम चालू असताना भाड्याची खोली कुटुंबालाच शोधावी लागत होती, तेव्हा असं काही ठरलं तर त्या महिन्यांचं भाडं आधीच बाजूला काढून ठेवा.