मोटर चालू आहे, तरी मासे वर तोंड काढून का?

प्रश्न : नमस्कार सर. नागपूरला राहतो. घरी 2 फुटी टँक आहे, साधारण 60 लिटरचा, त्यात 5 गोल्डफिश आणि बऱ्यापैकी खरी झाडं. ऊन वाढल्यापासून रोज सकाळी उठून बघतो तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात, दुपारपर्यंत जरा बरे होतात. हवेची मोटर दिवसरात्र चालू असते, बुडबुडेही येतात. वरून काचेचं झाकण आहे. मुलगी रात्री झोपायच्या आधी खाणं टाकते. दुकानदार म्हणतो अजून एक मोटर लावा. लावू का?

उत्तर : मोटर घ्यायच्या आधी आज काय करायचं ते सांगतो, कारण मासे असे वर असताना कारणं वाचत बसायला वेळ नसतो. झाकण काढा. पाणी काढायचा मग घेऊन टँकमधलंच पाणी फूटभर उंचीवरून परत टँकमध्ये ओतत राहा, 10-15 मिनिटं, घरातल्या कोणालाही सांगा. मग चौथा भाग पाणी बदला, पण नवीन पाणी अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं आणि टँकच्याच तापमानाचं पाहिजे, फ्रीजचं गार पाणी एकदम ओतू नका. आज खाणं बंद.

आता कारण. बुडबुडे दिसले म्हणजे ऑक्सिजन मिळतोय असं सगळ्यांना वाटतं, पण बुडबुडा वर जाईपर्यंत त्यातून पाण्यात फार थोडा ऑक्सिजन उतरतो, त्याचं खरं काम म्हणजे खालचं पाणी वर आणणं आणि वरचा थर हलवणं, ऑक्सिजन मुख्यतः तिथूनच आत जातो. म्हणून मोटरचा आवाज ऐकू नका, पाण्याचा वरचा भाग बघा. तो कोपऱ्यापर्यंत हलतोय का? का फक्त एका जागी खळखळ आणि बाकी सगळीकडे शांत, वर तेलकट साय? साय असेल तर वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर अलगद ठेवून उचला, ती कागदाला चिकटून येते. फिल्टरचं तोंड थोडं वर घ्या म्हणजे त्याचं पाणी वरचा थर फोडत पडेल. एअर स्टोन (नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा दगड) जुना असेल तर चोक होतो, मोटरमधलं रबरही सैल पडतं, दोन्ही स्वस्तात बदलून मिळतात, त्यासाठी दुसरी मोटर नको.

तुमच्याकडे मात्र मोठी अडचण उन्हाळ्याची आहे. 20 डिग्रीच्या पाण्यात एका लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 डिग्रीला जेमतेम 7.3, आणि पाणी गरम झालं की माशाची गरज उलट वाढते. गोल्डफिश तर थंड पाण्याचा मासा, त्याला 18 ते 24 डिग्री मानवतं. त्यात झाडं. झाडं दिवसा उजेडात ऑक्सिजन सोडतात पण रात्री तीही माशांसारखाच ऑक्सिजन घेतात, म्हणून पहाटे पाण्यात सगळ्यात कमी उरतो. तुमचे मासे सकाळी बेजार आणि दुपारी बरे, ते यामुळेच. आणि रात्रीचं खाणं! पचवायला माशाला जास्त ऑक्सिजन लागतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजवणारे बॅक्टेरियाही तोच वापरतात, म्हणजे ज्या वेळी साठा कमी त्याच वेळी खर्च वाढवायचा. मुलीला सकाळची पाळी द्या, मासे नीट झाल्यावर, दिवा लागून तासभर झाला की दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं.

झाकणाऐवजी जाळी बसवा आणि टेबल फॅनचा वारा पाण्यावर तिरका सोडा, नागपूरच्या कोरड्या हवेत त्याने पाणी दोन-तीन डिग्री सहज उतरतं (मुंबईच्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही). पाणी भराभर उडेल तेवढी भर घालत राहा. आणि स्पष्टच सांगतो, 60 लिटरमध्ये 5 गोल्डफिश फार आहेत. मोठा टँक जमणार नसेल तर तीन मासे चांगल्या घरी द्या, नाहीतर दर उन्हाळ्यात हेच होणार.

एवढं करून वरचं पाणी चांगलं हलत असताना तासाभरात मासे खाली गेले तर ऑक्सिजनचाच प्रश्न होता. तरीही वरच असतील, कल्ले लालभडक किंवा तपकिरी दिसत असतील तर अमोनिया आणि नायट्राइटची (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषं) टेस्ट करा. नायट्राइटमुळे माशाचं रक्तच ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, मग पाण्यात कितीही हवा सोडा. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला की त्यातले ही विषं संपवणारे चांगले बॅक्टेरिया मरतात आणि हे असं होतं, तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

अजून एक, डासांचा स्प्रे त्या खोलीत मारू नका. मोटर खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडते, आणि ती औषधं माशांना फार विषारी असतात.

प्रश्न : आमच्या गावी लाईट चार-पाच तास जाते. तेव्हा मासे कसे सांभाळायचे?

उत्तर : पॉवर बँकवर चालणारी यूएसबी एअर मोटर मिळते, ती घेऊन ठेवा. तोपर्यंत अर्ध्या-पाऊण तासाने मगाने पाणी वरून ओतायचं आणि लाईट येईपर्यंत खायला द्यायचं नाही. नेहमीची मोटर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन मोटरमध्ये शिरतं आणि खाली जमिनीवरही सांडतं. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर असेल तर तासन् तास बंद राहिल्यावर त्यातलं पाणी कुजतं, ते फेकून मगच सुरू करा.

प्रश्न : माझा फायटर मासा सारखा वर येऊन हवा घेतो. त्यालाही ऑक्सिजन कमी पडतोय का?

उत्तर : नाही. फायटर आणि गुरामीला डोक्यात हवेतून श्वास घ्यायचा खास अवयव असतो, ते वर येणारच. टँक काठोकाठ भरू नका, वर थोडी मोकळी हवा ठेवा. तो हवा घेऊन परत खाली फिरायला जात असेल तर ठीक आहे, वरच पडून राहिला, खाणंही सोडलं, तर पाणी तपासा.